चार वर्षांची वर्दी आणि गावाचा नकार

सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात हे घडलं, तिथं फौजेत जाणं हा कधी वादाचा विषय नव्हता. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं पोरगा सतरा-अठराचा झाला की पहाटे रस्त्यावर पळायला लागतो आणि भरती झाला की गुलाल उधळला जातो. अशा गावातल्या एका वीस वर्षांच्या मुलाला २०२४च्या फेब्रुवारीत घरातून, भावकीतून आणि पारावरून एकच गोष्ट ऐकावी लागत होती: अग्निवीर होऊ नकोस, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीवर सैन्यात जाऊ नकोस.

मी तालुक्याच्या ठिकाणी भरतीच्या मुलांना गणित शिकवतो. हा मुलगा संध्याकाळच्या तुकडीत होता. लष्कराचा अर्ज भरायची मुदत २२ मार्चपर्यंत होती आणि जन्मतारखेचा हिशोब केला तर वयोमर्यादेत बसायची त्याची ही शेवटचीच वेळ होती. हे प्रकरण त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत.

घर

दोन एकर ऊस, आई, वडील, लग्नाची बहीण आणि शेजारच्याच घरात राहणारे चुलते. चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. महिन्याला वीस हजारांच्या वर पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, दवाखान्याची सोय. विहिरीवरची मोटर, मुलाच्या अकॅडमीची फी, बहिणीचं कॉलेज, सगळ्याला कधी ना कधी त्यांच्या पेन्शनीचा हात लागलेला. घरात त्यांना नाना म्हणतात आणि नानांचा शब्द मोडायची पद्धत नाही.

नानांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘‘चार वर्षांत काय फौजी होतोय व्हय कुणी? ही कंत्राटी भरती हाय. पंचविशीत परत यायचं, पेन्शन न्हाई, कार्ड न्हाई. त्यापरीस पोलिसात लाग न्हाईतर शेती बघ.’’

वडील त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. आई काहीच थेट बोलत नव्हती; ‘‘लोक काय म्हणत्यात बघ’’ एवढंच. आणि लोक बोलतच होते. पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर अग्निवीरांना ‘अर्धा फौजी’ असा शब्द रूढ झाला होता. बहिणीला बघायला आलेल्या एका घरानं भावाचं विचारलं आणि ‘अग्निवीरची तयारी करतोय’ हे ऐकल्यावर ‘म्हणजे पक्की नोकरी नाही तर’ असं तोंडावर म्हटलं. याच गावात दहा वर्षांपूर्वी ‘पोरगा मिलिटरीत’ एवढ्या दोन शब्दांवर सोयरिकी जुळत होत्या.

हा विरोध आला कुठून

सैन्याला विरोध करणारं घर म्हटलं की शहरातलं, नोकरदार, ‘इंजिनिअर होऊन बंदूक कशाला’ म्हणणारं घर डोळ्यांपुढे येतं. इथं तसं काहीच नव्हतं. नकार देणारी माणसं स्वतः वर्दीत आयुष्य काढलेली होती. म्हणून मी आधी त्यांचं ऐकायचं ठरवलं आणि एका रविवारी नानांकडे जाऊन बसलो.

तासाभरानं खरी गोष्ट निघाली. नानांच्या थोरल्या मुलानं करोनाच्या काळात मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, आणि मेडिकल पास केलं होतं. उरली होती लेखी परीक्षा. ती पुढं ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. १४ जून २०२२ला अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि आधीची अर्धवट राहिलेली सगळी भरती रद्द झाली. पहिल्या वर्षापुरती वयाची मर्यादा २३ केली होती, पण तोवर त्या मुलाचा धीर संपला होता. नव्या योजनेचा अर्ज त्यानं भरलाच नाही. आज तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे पंधरा हजारांवर काम करतो.

नाना पुतण्याशी बोलत होते तेव्हा समोर त्यांना स्वतःचा मुलगाच दिसत होता. पुतण्यानं अर्ज भरणं म्हणजे ज्या योजनेनं आपल्या पोराची दोन वर्षं मातीत घातली तिच्यापुढं मान तुकवणं, असं त्यांना वाटत होतं. हा राग रास्त आहे. मला स्वतःलाही वाटतं, मैदान मारून बसलेल्या मुलांना वाटेतच सोडून द्यायला नको होतं. पण धोरणावरचा राग वीस वर्षांच्या पोराच्या अंगावर काढला, तर तो दुसऱ्यांदा त्याच घरातल्या पोराला बसतो. धोरण दिल्लीत ठरलं, त्याचा जाब या मुलाला का द्यावा लागावा?

नानांना हे मी याच शब्दांत सांगितलं. ते गप्प बसले, पटलं असं म्हणाले नाहीत.

नाना कुठं बरोबर आणि कुठं चूक

त्यांचे आक्षेप कागदावर उतरवले तर त्यातले बहुतेक खरे आहेत. चार वर्षांनंतर अग्निवीराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे त्या दर्जासोबत येणारा दवाखाना आणि कॅन्टीनही नाही. तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होतात. या काळात लग्न करता येत नाही. अपवादात्मक कारणाशिवाय मधूनच सोडून येता येत नाही. आणि नानांचा एक मुद्दा असा होता की त्याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. ‘‘पलटणीत रुळायलाच दोन-तीन वर्षं जात्यात,’’ ते म्हणाले, ‘‘शेजारच्या माणसावर जीव टाकायला शिकतोस तवर तुला घरी पाठवायची येळ येती.’’ हे सतरा वर्षं काढलेला माणूस सांगतो तेव्हा ऐकून घ्यावं.

चूक होती ती तुलनेत. ते पुतण्याच्या चार वर्षांची तुलना स्वतःच्या सतरा वर्षांशी करत होते. पण सतरा वर्षांचं दार या मुलासमोर उघडंच नाही. जून २०२२नंतर शिपाई म्हणून आत जायचं तर अग्निवीर होऊनच जावं लागतं. कायम व्हायचं असेल तरी रस्ता तोच. तेव्हा तुलना करायची तर त्याच्या हातात खरंच जे पर्याय आहेत त्यांच्याशी: पोलीस भरती, चुलतभावासारखं ठेक्यावरचं काम, नाहीतर दोन एकर ऊस. ही साधी गोष्ट आहे, पण घराघरात तीच निसटते. बापानं, चुलत्यानं जे मिळवलं त्याच्याशी पोराचं काहीही ताडून पाहिलं तर ते कमीच ठरणार.

पंचाहत्तर टक्क्यांत धरून केलेला हिशोब

मुलाला मी एकच प्रश्न विचारला होता. चार वर्षांनी तुला घरी पाठवलं तर? त्याचं पहिलं उत्तर: ‘‘सर, मी पंचवीस टक्क्यांतच असणार.’’

अकॅडमीतल्या प्रत्येक मुलाला हेच वाटतं, आणि चौघांपैकी तिघांच्या बाबतीत ते खोटं ठरणार हे योजनेतच लिहिलेलं आहे. म्हणून आम्ही ठरवलं, तू उरलेल्या पंचाहत्तरांत आहेस असं धरूनच आकडे मांडायचे. निर्णय टिकला तर घ्यायचा, नाहीतर सोडायचा. कायम झालास तर तो वरचा लाभ.

पहिल्या वर्षी महिन्याचं पॅकेज ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला कापून सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत जातात आणि तेवढीच रक्कम सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांची हातात आलेली बेरीज पावणेबारा लाखांच्या आसपास होते. त्याचे स्वतःचे निधीत गेलेले पाच लाख दोन हजार, तेवढेच सरकारचे, मिळून दहा लाख चार हजार. व्याज धरून जाताना सुमारे ११ लाख ७१ हजार, आयकरमुक्त. जेवण, राहणं, वर्दी यांचा खर्च वेगळा नाही. जोखमीच्या ठिकाणी पोस्टिंग झालं तर त्याचा भत्ता निराळा.

समोर चुलतभावाचे पंधरा हजार. चार वर्षांचे सात लाख वीस हजार, त्यातून खोलीभाडं आणि मेसचे पैसे वजा. निधी शून्य.

एवढ्यावर मुलगा खुश झाला, मी नाही. कारण बारा लाख हातात घेऊन पंचविशीत गावात परतलेल्या मुलाचं पुढं काय होतं याचा अंदाज बांधणं अवघड नाही. घराचं एक मजल्याचं बांधकाम, बहिणीचं लग्न, एखादी जुनी चारचाकी, आणि दोन वर्षांत पैसे संपलेले. पेन्शन दर महिन्याला येते म्हणून ती उधळता येत नाही. सेवानिधी एकदाच येतो. नानांच्या ‘पेन्शन न्हाई’ या आक्षेपाचा खरा अर्थ हा आहे आणि तो त्यांनी पैशाच्या भाषेत कधी मांडला नसला तरी त्यांना तो नीट कळत होता.

दुसरी बाब वयाची. हिशोबात सगळ्यात निर्णायक ठरली ती हीच. त्याच मार्चमध्ये महाराष्ट्र पोलिसांचीही भरती निघाली होती, सतरा हजारांवर जागा; पुढं त्यासाठी सतरा लाखांच्या वर अर्ज आल्याच्या बातम्या आल्या. पोलीस शिपायासाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा २८ आहे. लष्कराचं दार त्याच्यासाठी या वर्षी बंद होत होतं, पोलिसांचं आठ वर्षं उघडं राहणार होतं. चार वर्षं वर्दीत काढून आला तरी पोलिसांसाठी वय शिल्लक होतं. आधी पोलीस, मग लष्कर हा क्रम मात्र शक्यच नव्हता. नाना ‘आधी पोलिसात बघ’ म्हणत होते. वयाची दोन्ही गणितं शेजारी ठेवली तेव्हा त्या सल्ल्यात दम उरला नाही.

याशिवाय केंद्रीय निमलष्करी दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांना १० टक्के जागा राखीव ठेवल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं आणि वयात तीन वर्षांची सवलत आहे. मुलांना हे ‘नक्की नोकरी’ असं ऐकू येतं. राखीव जागांसाठीही आपल्यासारख्याच हजारो अग्निवीरांशी स्पर्धा असते, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

शिक्षणाचं त्याला ठाऊकच नव्हतं. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची खास पदवी आहे, त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. बारावीवर गेलेला मुलगा पदवी घेऊन परतू शकतो. पण हे आपोआप होत नाही. नाव नोंदवावं लागतं, ड्युटी संपल्यावर अभ्यास करावा लागतो. थकलेल्या मुलाला ते जमेल का, हे त्याच्यावर.

आई

आकड्यांनी वडील हलले, नानाही थोडे हलले. आई नाही. मी तिसऱ्यांदा घरी गेलो तेव्हा पुरुष मंडळी रानात होती. चहा ठेवून त्या उंबऱ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, ते बुलढाण्याचं पोरगं आठवतंय का?’’

ऑक्टोबर २०२३मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये ड्युटीवर असताना गेला. त्याची बातमी त्यांनी मोबाईलवर पाहिली होती, पुन्हा पुन्हा पाहिली होती. पेन्शन, कार्ड, सोयरीक, लोक काय म्हणतात, यातलं काहीच त्यांचं म्हणणं नव्हतं. ते दुसऱ्यांचे शब्द होते आणि त्यांनी ते पुढं केले, कारण फौजींच्या गावात ‘मला भीती वाटते’ असं आईनं म्हणायची सोय नाही. वीरमाता व्हायला सगळे सांगतात. नको म्हणणाऱ्या आईला कुणी जागा ठेवलेली नाही.

तरतुदी मी त्यांनाही सांगितल्या. ४८ लाखांचा विमा, त्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर त्यावर ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणात ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी. कायम सैनिकाच्या घरी आयुष्यभर जाणारी कुटुंब पेन्शन मात्र नाही. हे सांगताना मलाच माझ्या आवाजाची लाज वाटली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ह्यातलं काय माझ्या कामाचं हाय?’’

नव्हतंच. म्हणून या आक्षेपाचं उत्तर आकड्यांत शोधायचा नाद सोडावा लागला. मी मुलाला एवढंच सांगितलं की लोकांना उत्तरं देत बसू नकोस, आईशी बोल, आणि ‘काही होत नाही गं’ असं खोटं बोलू नकोस. तो दोन दिवस अभ्यासिकेत आला नाही. नंतर कळलं, मायलेक बोलले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. आईनं होकार दिला असंही नाही. अर्ज भरायला लागणाऱ्या कागदांची पिशवी मात्र त्यांनीच कपाटातून काढून दिली.

मुलाला काय हवं होतं

इतका वेळ सगळे त्याच्या भविष्याविषयी बोलत होते. त्याला स्वतःला सैन्य का हवं, हे विचारलं तेव्हा आधी ‘देशसेवा’ आलं. भरतीची सगळीच मुलं म्हणतात तसं. खोदून विचारल्यावर म्हणाला, ‘‘सर, नाना सुट्टीवर यायचे तेव्हा सगळ्यांशी नीट बोलायचे. सकाळी उठायचे, अंथरूण घडी करायचे, कुणाला घाबरायचे न्हाईत. मला तसं व्हायचंय. पोलीस झालो तरी चालंल, पण आधी पलटण बघायचीय.’’

मला हे उत्तर देशसेवेपेक्षा जास्त भरवशाचं वाटलं. ज्याला वर्दी फक्त पगारासाठी हवी त्यानं अग्निवीर होऊ नये, कारण चौथ्या वर्षाअखेर पगार थांबतो आणि मागं कडवटपणा उरतो. ज्याला फक्त मान हवा त्यानंही होऊ नये, कारण तो मान आता गाव देत नाही. ज्याला ती चार वर्षं जगायची आहेत त्यानं जावं, पाचव्या वर्षाची तयारी ठेवून.

महिन्याभरानं मी तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उत्तर होतं: ‘‘परत पाठवलं तर पोलीसचं मैदान मारीन. न्हाईच लागलो तर दहा लाख तरी हाताशी असतील. आत्ता काय हाय?’’ हे ऐकल्यावर मी त्याला अर्ज भर म्हणालो.

ठरलं काय, झालं काय

दोन्ही अर्ज भरले, लष्कराचा आणि पोलिसांचा. घरात तीन गोष्टी ठरल्या, त्या मी नानांच्या समोर वहीत लिहून घेतल्या. सेवानिधीतून घर बांधायचं नाही आणि बहिणीचं लग्न करायचं नाही. ती रक्कम मुदत ठेवीत जाईल आणि पाच वर्षं हलणार नाही. हातात येणाऱ्या पगारातून घरी ठरावीक रक्कम, त्याहून जास्त मागायचं नाही. पहिल्या वर्षातच पदवीसाठी नाव नोंदवायचं. पहिल्या अटीवर वडिलांचा चेहरा उतरला, कारण त्यांच्या मनात ठिबकचा खर्च होता. इथं नानांनी माझी बाजू घेतली. ‘‘पेन्शन न्हाई तर पेन्शनीसारखं तरी वागवा त्या पैशाला,’’ असं ते म्हणाले.

योजनेला त्यांचा विरोध कायम होता आणि कट्ट्यावर ते तसंच बोलत होते. पण मेडिकलची तयारी त्यांनीच करून घेतली. कानातला मळ काढायला डॉक्टरकडे पाठवलं, गुडघे आणि पावलं तपासली, दातांचं काम पावसाळ्याआधी उरकून घ्यायला लावलं. मैदानावर पळून जिंकलेली मुलं मेडिकलला अशा बारीक कारणांनी बाहेर पडतात, हे त्यांच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोलिसांच्या यादीत तो थोड्या गुणांनी मागं राहिला. लष्कराची ऑनलाइन लेखी परीक्षा तो पास झाला. मग १६०० मीटरची धाव, बीमवरचे पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा, मेडिकल, आणि गुणवत्ता यादीत नाव. तो बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेला. गुलाल उधळला गेला नाही. अकॅडमीतल्या मित्रांनी स्टँडवर येऊन फोटो काढले तेवढेच. बहिणीचं लग्न त्यानंतर जमलं, भावाच्या नोकरीचा प्रश्न न विचारणाऱ्या घरात.

मुदत ठेवीची अट मोडायचं अजून कुणी बोललेलं नाही, कारण रक्कम अजून यायची आहे. खरी परीक्षा तेव्हा होईल. पदवीसाठी नाव नोंदवून झालंय. २०२९च्या सुरुवातीला त्याची चार वर्षं पूर्ण होतील तेव्हा तो पंचवीस वर्षांचा असेल. कायम झाला नाही तर निमलष्करी दलांसाठी त्याच्याकडे जेमतेम वर्ष असेल आणि पोलिसांसाठी तीन. त्या वर्षीच्या पोलीस भरतीची जाहिरात कधी निघते यावर बरंच अवलंबून राहील, म्हणून शेवटच्या रजेत मैदानाचा सराव आणि लेखीची पुस्तकं सुरू करायची असं आमचं फोनवर ठरलंय.